आंबवण्याची विद्या आणि आपली मुलगी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला माझे काम ठरलेले असते. सतरंज्या घालायच्या, समईत तेल आहे की नाही ते पाहायचे आणि चहाचे पातेले उतू जाऊ द्यायचे नाही. भाषण करण्याचा प्रसंग आजचा पहिलाच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहिले की हातपाय कापतात, आत्ताही कापत आहेत. तरी ह्या वर्षी मीच आपण होऊन अध्यक्षबाईंना म्हटले की मला थोडा वेळ द्या. कारण मला एक चूक कबूल करायची आहे, आणि ती जिथे केली तिथेच कबूल केली पाहिजे, असे मला वाटते.

आपल्याला आठवत असेल, की जुलैच्या मासिक सभेत पुस्तक-मदतीचा विषय निघाला होता. पापड-कुरडयांच्या विक्रीतून जे पैसे उरतात त्यांतून दरवर्षी एका मुलीला पुढील शिक्षणासाठी मदत करायची, असा आपला नियम आहे. ह्या वर्षी आपल्याच आळीतील एका मुलीचा अर्ज आला होता. बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, नागपूरला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेली. तिची आई आपल्याबरोबर पापड लाटते. कोणाचीच हरकत नव्हती. इतक्यात कोणीतरी सहज विचारले, "बाई, तू नेमके शिकणार काय?" मुलगी खरे बोलणारी. ती म्हणाली, "काकू, मला आंबवण्याचे शास्त्र शिकायचे आहे. त्याला किण्वन म्हणतात. त्यावर औषधे होतात, बिअर होते, पुष्कळ गोष्टी होतात."

बिअर हा शब्द ऐकला आणि मी ताडकन उठले. मी म्हणाले, "ज्या मंडळाच्या बायकांनी दारूची मडकी फोडली, त्या मंडळाचा पैसा दारू शिकायला द्यायचा?" सभेत शांतता झाली. विषय पुढे ढकलला गेला. त्या मुलीने आपले कागद गोळा केले, "येते काकू" म्हणाली आणि गेली. तिने मला उलट उत्तर दिले असते तर मला बरे वाटले असते.

मी असे का बोलले, तेही सांगते. माझे माहेर ह्याच तालुक्यातले. वडील पीत असत. घरची बैलजोडी दारूत गेली, मग बांधीही गेली. 1993 साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्याआधी कित्येक वर्षे गावोगावच्या बायका त्यासाठी झटत होत्या. डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग त्यांच्या पाठीशी होते. त्यांचे शोधग्राम आपल्या तालुक्यातच चातगावजवळ आहे. माझी आई तेव्हा गावच्या बायकांबरोबर मोर्चाला गेली होती आणि मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरी बसले होते. त्याच वर्षी माझी शाळा सुटली, कारण आई मजुरीला जाणार तर घर सांभाळणार कोण? म्हणून दारू म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर बाटली येत नाही, माझे दप्तर येते. खुंटीला टांगलेले, पुन्हा न उतरलेले.

तेव्हा राग खरा होता. पण तो चुकीच्या ठिकाणी निघाला. ते मला कसे कळले, तेच आज सांगायचे आहे.

सभेनंतर चार-पाच दिवसांनी ती मुलगी माझ्या घरी आली. मला वाटले, आता रडेल किंवा भांडेल. तिने तसे काही केले नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, "काकू, पैसे नकोत. पण मी काय शिकणार ते एकदा ऐकून घ्या." मी तेव्हा ज्वारीच्या पिठाची आंबील करीत होते. रात्री पीठ ताकात भिजवून ठेवले होते. तिने पातेल्यावरचे झाकण उचलले, वास घेतला आणि विचारले, "ह्याला आंबट कोणी केले?" मी म्हटले, "कोणी कशाला करायला हवे? आपोआप आंबते." ती म्हणाली, "आपोआप काही होत नाही, काकू. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात काम करतात. दुधाचे दही तेच करतात. उन्हाळ्यात तुम्ही कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवता, तेव्हा आंबूस वास सुटतो, तोही त्यांचाच. अनारशाचे तांदूळ, जिलबीचे पीठ, सगळीकडे तेच. तुम्ही जन्मभर किण्वन करीत आल्या आहात, फक्त त्याला नाव नव्हते."

मैत्रिणींनो, मी गप्प बसले. इतकी वर्षे रोज हातांनी जे केले, त्याला शास्त्र म्हणतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

मग तिने बिअर कशी होते तेही सांगितले. मी कान झाकले नाहीत; शत्रूची रीत माहीत असलेली बरी. बार्ली नावाचे धान्य असते, आपल्याकडे त्याला जव म्हणतात. ते भिजवून चार-पाच दिवस मोड आणतात, मग वाळवतात. आपण लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतो, तीच कृती. मोड आले की धान्यात एक प्रकारचा रस तयार होतो, त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. तो पिठाची साखर करतो. म्हणून तर मोडाचे धान्य गोड लागते आणि बाळाला पचते. हे धान्य भरडून सुमारे 65 अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवतात. पाणी फार गरम झाले तर विकर मरते, गार राहिले तर ते कामच करीत नाही. मग तो गोड रस गाळून हॉप नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळतात, निववतात आणि त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. ते साखर खाते आणि तिचे दोन भाग करते. एक मद्यार्क, दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. मोहाचा सडवा बुडबुडतो तो ह्याच वायूमुळे.

मी विचारले, "ह्यात अभियंत्याचे काम काय? हे तर स्वयंपाकघरातले काम झाले." ती हसली. म्हणाली, "एका पातेल्याचे काम स्वयंपाकघरातले. हजारो लिटरच्या टाकीचे नव्हे." किण्व काम करताना उष्णता सोडते. पातेल्यात ती वाऱ्यावर निघून जाते, पण मोठी टाकी तापत जाते आणि किण्व बिघडते. म्हणून टाकीभोवती थंड पाणी किती फिरवायचे त्याचा हिशेब लागतो. वायूचा दाब वाढतो, तो मोजावा लागतो. हा वायू जड असतो, तळाशी साचतो. आपल्याकडे धान्याच्या पेवात उतरलेली माणसे गुदमरतात ना, तसेच टाकीत उतरणाऱ्याचे होते. एका नळीत कालचा रस चिकटून राहिला तर सगळा घाणा नासतो. हे सारे ज्याला कळते तो अभियंता.

पुढे तिने मला एका बाईंची गोष्ट सांगितली. ती ऐकून माझे मत फिरले, म्हणून तुम्हांलाही सांगते.

त्या बाईंचे नाव किरण मजुमदार. जन्म 1953 चा, बंगळूरचा, घराणे गुजराती. वडील रसेंद्र मजुमदार हे बिअरच्या मोठ्या कारखान्यात मुख्य मद्यनिर्माते होते. किरणबाईंना डॉक्टर व्हायचे होते. ते जमले नाही. प्राणिशास्त्रात पदवी घेतल्यावर पुढे काय, असा प्रश्न पडला. तेव्हा वडिलांनीच सुचवले, की तू आंबवण्याचे शास्त्र शीक, माझा धंदा शीक. बापाने मुलीला असे म्हणावे, हे त्या काळी नवलच. मुलगी ऑस्ट्रेलियात बॅलारॅट गावच्या महाविद्यालयात गेली. त्या वर्गात ती एकटीच स्त्री होती, आणि वर्गात पहिली आली. 1975 साली ती मद्यनिर्मितीतील निष्णात म्हणून पदवी घेऊन परत आली.

आता गंमत पहा. इतकी विद्या घेऊन आलेल्या ह्या मुलीला आपल्या देशात कायमची नोकरी मिळेना. कलकत्त्याच्या आणि बडोद्याच्या कारखान्यांत काही काळ तिने सल्लागार म्हणून व तांत्रिक कामावर काढला. पण जिथे कारखाना चालवण्याची जागा मागितली तिथे उत्तर मिळाले, की हे पुरुषांचे काम आहे. मैत्रिणींनो, जगातली जुनी हकीकत ऐकली तर हे उत्तर किती उलटे आहे ते कळते. चार हजार वर्षांपूर्वी सुमेर देशात बिअर करणाऱ्या बायका होत्या आणि त्या कामाची देवताही निंकासी नावाची देवीच होती. इंग्लंडात चौदाव्या शतकापर्यंत हे काम बहुतेक घरच्या बायकाच करीत. धंदा मोठा झाला, त्यात पैसा आला, आणि मग ते पुरुषांचे काम ठरले. आपल्या धान्याच्या, कापडाच्या, तेलाच्या कामांचेही असेच झालेले नाही का?

शेवटी किरणबाईंनी परदेशी, स्कॉटलंडात जाण्याची तयारी केली. तेवढ्यात लेस्ली ऑकिनक्लॉस नावाच्या एका गृहस्थांची गाठ पडली. आयर्लंडातील कॉर्क गावी त्यांचा विकरे तयार करण्याचा कारखाना होता, नाव बायोकॉन. त्यांना हिंदुस्थानात शाखा काढायची होती. बाईंनी अट घातली, की सहा महिन्यांनी मला हे काम नको वाटले तर मी सोडते आहे त्याच तोडीची मद्यनिर्मात्याची नोकरी तुम्ही मला मिळवून द्यायची. अट मान्य झाली. ही गोष्ट मला फार आवडली. पंचविशीतली मुलगी, नोकरीसाठी दारोदार फिरलेली, तरी सौदा करताना डगमगली नाही.

1978 साली बंगळूरला भाड्याच्या घराच्या मोटारखान्यात काम सुरू झाले. भांडवल 10,000 रुपये. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला 30 टक्क्यांहून अधिक वाटा ठेवता येत नव्हता, त्यामुळे 70 टक्के वाटा बाईंचा झाला. कायद्याने अशी कधी कधी बायकांवर मेहरनजर होते, मनात नसतानाही! पहिला नोकर मिळाला तो मोटारी दुरुस्त करणारा एक निवृत्त मेकॅनिक. नोकरीसाठी येणारी माणसे बाईच्या हाताखाली काम करायला तयार नसत. बँका कर्ज देईनात. तुमच्या वडिलांना जामीन आणा, असे म्हणत. वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसे, आणि आंबवण्याच्या कामाला तर सारखी थंडी-उष्णता सांभाळावी लागते.

आणि त्या मोटारखान्यात त्यांनी पहिल्यांदा केले काय? दोन वस्तू. त्या ऐकून तुम्ही हसाल. एक म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले विकर. त्याला पपेन म्हणतात. मटण लवकर शिजावे म्हणून आपण त्यात कच्च्या पपईची फोड टाकतो ना? ती जी जादू करते ती ह्या पपेनची. बिअर थंड केली की गढूळ दिसते, ती पपेनने स्वच्छ राहते. दुसरी वस्तू माशाच्या पोटातली. मासा कापताना आतून हवेचा एक पांढरा फुगा निघतो, तो आपण फेकून देतो किंवा पोरे पायाखाली फोडतात. काही जातींच्या माशांचा तो फुगा वाळवून त्याचा सरस करतात, त्यानेही बिअर निवळते. आपल्या तलावाच्या काठी बसून मासे साफ करणाऱ्या बायकांनी जे हजारदा हातात धरले, ते त्या बाईंनी शुद्ध करून वर्षाच्या आत अमेरिकेला आणि युरोपला विकले. पहिल्या वर्षाच्या कमाईतून 20 एकर जमीन घेऊन ठेवली. दागिने नव्हे, जमीन. हेही लक्षात ठेवण्यासारखे.

इथपर्यंत ऐकून मी त्या मुलीला विचारलेच. म्हटले, "बाई हुशार खऱ्या, पण शेवटी दारूवाल्यांचेच काम केले ना?" ती म्हणाली, "हो, केले. त्यांनी ते लपवलेही नाही, बिअरवर पुस्तकही लिहिले. पण काकू, गोष्ट अजून संपलेली नाही." आणि तिने आमच्या माठाकडे बोट दाखवले.

आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांना रोज इन्सुलिनचे इंजेक्शन लागते. आमच्याकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही, म्हणून ती बाटली मी पिशवीत बांधून वाळूतल्या ओल्या माठात ठेवते. ती मुलगी म्हणाली, "ते औषध कशात तयार होते ठाऊक आहे? टाकीत. जशी बिअरची टाकी, तशीच."

पूर्वी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत. 1921 साली कॅनडातील टोरांटो शहरात त्याचा शोध लागला. 1982 पासून परदेशात सूक्ष्म जीवांकडून माणसाचे इन्सुलिन करवून घेऊ लागले. ते कसे, तर त्या जीवाच्या पोटात इन्सुलिनची कृती लिहून ठेवायची, जशी आपण सुनेला वहीत कृती लिहून देतो, आणि मग तो वाढताना ते करीत राहतो. किरणबाईंच्या कंपनीने पिचिया नावाच्या किण्वाकडून हे काम करवून घेतले. ह्या जातीच्या किण्वाकडून माणसाचे इन्सुलिन करवण्यात ती जगात पहिली, 2003 साली. पुढच्या वर्षी ते आपल्या देशात विक्रीस आले. त्यानंतर 2006 मध्ये डोक्याच्या व मानेच्या कर्करोगावरील औषधही त्यांच्या कारखान्यातून निघाले. आपल्या भागात खर्रा खाऊन तोंड न उघडणारी किती माणसे आहेत ते पाहिले, म्हणजे ह्या औषधाची किंमत कळते.

म्हणजे मैत्रिणींनो, टाकी तीच, थंडी-उष्णतेचा हिशेब तोच, किण्व जिवंत ठेवण्याची काळजी तीच. मद्यार्काच्या ऐवजी औषध काढून घेतले. बॅलारॅटला ज्या वर्गात ती एकटी मुलगी बसली होती, त्या वर्गात शिकवलेली विद्या आमच्या सासूबाईंच्या दंडापर्यंत येऊन पोहोचली. आमच्या घरची बाटली कोणत्या कंपनीची आहे हा प्रश्न नाही. ती विद्या सगळ्यांची एकच.

सरकारने किरणबाईंना 1989 मध्ये पद्मश्री आणि 2005 मध्ये पद्मभूषण दिले. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून घेतले. ज्यांना कारखाना चालवायला दिला नाही, त्यांना अभियंत्यांच्या पंक्तीत मानाचे पान मिळाले.

त्या दिवशी ती मुलगी गेल्यावर मला झोप आली नाही. पुढे मी तिला आणखी दोन-तीनदा बोलावून विचारले. असे कळले, की ही काही एकाच बाईची गोष्ट नाही. फ्रान्समध्ये पाश्चर म्हणून शास्त्रज्ञ होऊन गेले. 1856 च्या सुमारास बीटापासून मद्यार्क काढणाऱ्यांचा माल नासत होता, म्हणून ते त्यांच्याकडे गेले. त्या नासक्या रसात पाहता पाहता त्यांना कळले, की आंबवणारे जीव वेगळे आणि नासवणारे वेगळे. त्यातूनच हलके तापवून जंतू मारण्याची रीत निघाली, आणि आज दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड म्हणून जो शब्द छापलेला असतो तो त्यांच्याच नावावरून. आपली बाळे जे दूध पितात ते दारूच्या पिंपाचे उपकार घेऊन पितात, असे म्हटले तर कसेसे वाटते, पण खरे आहे.

महाराष्ट्रातही ह्या विद्येत आपल्या मुली आहेत. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे ह्या दोघींनी मिळून मध आंबवून मद्य करण्याचा उद्योग काढला आहे. त्याचे नाव सेराना. आपल्याकडची सातेरी मधमाशी असते ना, तिच्या शास्त्रीय नावातून ते घेतले आहे. त्या दारू करतात म्हणून मी त्यांची आरती करणार नाही. पण दोन मराठी बायका यंत्रे, टाक्या, परवाने आणि कर्ज ह्या सगळ्यांशी झगडून कारखाना चालवतात, हे आपल्या मुलींना कळायला काय हरकत आहे?

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, की ही बाई आज उलटी फिरली. तसे नव्हे. दारूबंदीविषयी माझे मत तसूभरही बदललेले नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी झाली आणि 2021 साली उठली. तिथल्या बायकांना काय वाटले असेल ते मला कळते. उद्या आपल्याकडे तसा विषय निघाला तर मोर्चात मी पुढे असेन. ज्या घरात दारू येते त्या घरात आधी मुलीची शाळा सुटते, हे मला कोणाच्या पुस्तकातून शिकायला नको.

पण मोहाचे झाड पहा. आपल्या आदिवासी भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांना मी काय सांगावे! मोह त्यांच्या देवाचे झाड. पहाटे उठून फुले वेचायची, वाळवायची, आणि धान संपले की त्या फुलांवर दिवस काढायचे. कित्येक पिढ्या मोहाने जगवल्या. त्याच फुलाचा सडवा करून कोणी संसार बुडवतो. म्हणून आपण मोहाचे झाड तोडतो का? मेंढा गाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या बायकांनी गावसभेत बसून दारू आवरली, पण जंगल राखले. 2009 मध्ये त्या जंगलावर गावाचा हक्कही कागदावर आला. झाड राखायचे आणि दारू आवरायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात, हे त्यांनी दाखवले आहे.

आणखी एक गोष्ट. 2015 च्या जून महिन्यात मुंबईला मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते, कारखान्यातले विष. आपण सडव्याची मडकी फोडतो, पण त्यात काय असते, काय मिसळलेले असते, हे आपल्यापैकी एकीला तरी सांगता येते का? मला येत नाही. ती मुलगी शिकून आली तर तिला येईल. आणि तिने मला सांगितले, की इन्सुलिन करणारे ते पिचिया किण्व ह्याच मिथेनॉलवर वाढू शकते. ज्या विषाने माणसे मेली, ते खाऊन एक डोळ्यांना न दिसणारा जीव औषध करतो. हे ऐकल्यावर मी हात जोडले. कोणाला ते सांगता येत नाही.

शिकून ती कुठे जाईल? औषधाच्या कारखान्यात जाईल, दुधाच्या जाईल, मोहफुलांचे सरबत नि मुरंबा टिकवण्याची रीत काढील, किंवा कदाचित बिअरच्या कारखान्यातही जाईल. मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "काकू, आज वचन देऊन उद्या मोडले तर तुम्हांला वाईट वाटेल. म्हणून वचन देत नाही. पण तुमची गोष्ट मी विसरणार नाही." सुरुवातीला हे उत्तर मला बोचले. मग वाटले, जी मुलगी पैशासाठी खोटे वचन देत नाही, तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मैत्रिणींनो, माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याने काय झाले तेही ऐका. आपली मदत थांबली, पण महाविद्यालयाची तारीख थांबली नाही. तिच्या आईने कानातले गहाण ठेवून तिला नागपूरला पाठवले. ती बाई अजूनही आपल्याबरोबर पापड लाटते, माझ्याच शेजारी पोळपाट घेऊन बसते आणि मला एका शब्दाने बोलत नाही. तिच्या मोकळ्या कानांकडे माझे लक्ष जाते आणि मला माझी आई आठवते. माझे दप्तर दारूने खुंटीला टांगले. ह्या मुलीचे दप्तर मी दारूच्या रागाने टांगणार होते. मग माझ्यात आणि त्या मडक्यात फरक काय राहिला?

म्हणून आजच्या सभेपुढे मी दोन गोष्टी मांडते. पहिली, जुलैमध्ये मी जे बोलले ते मी परत घेते आणि त्या माऊलीची सर्वांसमक्ष क्षमा मागते. दुसरी, पुढे ढकललेली मदत आज मंजूर करावी, म्हणजे तिचे कानातले सुटतील. माझ्या वाट्याची ह्या वर्षीची पापडाची मजुरी मी त्यात घालीत आहे. ती फार नाही, पण माझ्या कष्टाची आहे.

दारूबंदीच्या ठरावावर पहिली सही माझी असू द्या, आणि ह्या ठरावावरही पहिली सही माझीच असू द्या. एवढे बोलून मी आपली रजा घेते. चहा तयार आहे. पातेले कोणी उतरवले नसेल तर मीच जाऊन पाहते.

(सभेत वरील ठराव मताला टाकण्यात आला. दोन भगिनी तटस्थ राहिल्या, बाकी सर्वांनी हात वर केले. ठराव मंजूर झाला.)